रंगकाम, सॉल्व्हंट आणि समोरचा टॉवर: गरोदरपणात नेमकी काळजी कशाची घ्यायची?

पत्र थोडक्यात असं: वय २९, पहिलंच बाळंतपण, अकरावा आठवडा सुरू. कोपरखैरण्यात सिडकोच्या १९९० च्या दशकातल्या इमारतीत नवरा आणि सासूबाईंसोबत राहतात. महापे एमआयडीसीत पॅकेजिंग छापणाऱ्या कंपनीत क्वालिटी विभागात नोकरी, दिवसभर शाई आणि सॉल्व्हंटचा वास. समोरच्या इमारतीवर मोबाइल टॉवर आहे, काही रात्री केमिकलचा वासही येतो. भीतीने मायक्रोवेव्ह बंद केलाय, वायफाय रात्री काढून ठेवतात, पोटावर घालायचा 'रेडिएशन ॲप्रन' मागवलाय. सासूबाईंना नवरात्र संपलं की दिवाळीआधी घराला रंग काढायचा आहे. माहेर निफाड तालुक्यात, घराच्या तिन्ही बाजूंना द्राक्षबागा. त्या विचारतात, "इथली हवा विषारी आहे. नोकरी सोडून बाळंतपणापर्यंत माहेरीच जाऊन राहू का? आणि या अकरा आठवड्यांत बाळाचं काही वाईट तर झालं नसेल ना?"

ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण तुमची झोप त्यानेच उडालेली दिसते. दर शंभर बाळांमागे दोन-तीन बाळांत जन्मतः काही ना काही मोठा दोष असतो आणि बहुतेक वेळा त्याचं नेमकं कारण सापडत नाही. त्यामुळे 'काहीच होणार नाही' अशी हमी कुणीही डॉक्टर कुठल्याच आईला देत नाही. पण तुम्ही जी यादी पाठवली आहे, त्यातल्या टॉवर, मायक्रोवेव्ह आणि अधूनमधून आलेल्या वासामुळे स्वतःला दोष द्यावा असं काहीही नाही. अकरा ते चौदा आठवड्यांच्या दरम्यानची एनटी सोनोग्राफी, म्हणजे बाळाच्या मानेमागची जाडी मोजणारी तपासणी, चुकवू नका. बाळाचे मुख्य अवयव साधारण दहाव्या आठवड्यापर्यंत आकाराला येतात, मेंदू मात्र शेवटच्या दिवसापर्यंत घडत राहतो. म्हणून आज केलेला बदल उशिरा केला असं होत नाही.

आता माहेर. गावाकडची हवा शुद्ध, हे आपण सगळेच धरून चालतो. पण तुम्ही जायचं म्हणता तो महिना बघा. ऑक्टोबरची छाटणी झाली की पुढचे दोन-अडीच महिने बागेत फवारण्यांची धांदल असते. डावणी आणि भुरी या द्राक्षांवरच्या बुरशीच्या रोगांसाठी, पाऊस झाला की लगेच, धुकं पडलं की पुन्हा. ट्रॅक्टरच्या ब्लोअरचा फवारा बांधावर थांबत नाही. तो दोरीवरच्या कपड्यांवर, अंगणातल्या उघड्या पिंपावर, खिडकीच्या कठड्यावर बसतो. तिन्ही बाजूंना बागा असलेल्या घरात ऑक्टोबर-नोव्हेंबर काढणं हे कोपरखैरण्यापेक्षा सुरक्षित आहे, असं मला तरी म्हणवत नाही. त्यात पाणी तापवायला बंब असेल, स्वयंपाकाला अधूनमधून चूल असेल, तर धुराचे बारीक कण नवी मुंबईच्या रस्त्यावर मिळतात त्याहून जास्त एका न्हाणीघरात मिळतील.

मग जायचंच नाही का? जा की. पहिलं बाळंतपण माहेरी करायची आपली रीत आहे, आणि आईजवळ मिळणारा आराम खराच असतो. सातवा महिना लागेल तेव्हा जानेवारीचा शेवट असेल, बागा काढणीला आलेल्या असतील आणि फवारण्या बऱ्याच कमी झालेल्या असतील. डोहाळजेवण उरकून तेव्हा जा. त्याआधी आईकडून चार गोष्टींची व्यवस्था करून घ्या. तुमच्यासाठी पाणी गॅसवर किंवा विजेवर तापेल. शेजारच्या बागांत फवारणी कधी आहे ते आदल्या दिवशी कळेल. त्या वेळी खिडक्या बंद, कपडे आत, पाण्याची भांडी झाकलेली, आणि तुम्ही घरात. बागेत काम करून आलेला माणूस बाहेरच कपडे बदलून, हातपाय धुऊन मग तुमच्याजवळ येईल. चौथी गोष्ट पाण्याची: विहिरीचं किंवा बोअरचं असेल तर ते प्रयोगशाळेत नायट्रेटसाठी तपासून घ्या, पिण्याच्या पाण्यातली मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. खतांमुळे ते वाढतं आणि उकळून जात नाही, उलट पाणी आटतं तसं त्याचं प्रमाण वाढतं.

निफाडची थंडी सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. बंद खोलीत शेगडी पेटवून झोपायचं नाही, म्हणजे नाहीच. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो, आणि बाळाच्या रक्तातून तो आईपेक्षा सावकाश बाहेर पडतो. हाच धोका तुमच्या इथल्या घरातही असू शकतो: बाथरूममध्ये बसवलेला गॅस गीझर. असेल तर तो बाहेर, उघड्या जागेत हलवून घ्या. तोवर बादलीत पाणी भरून, गीझर बंद करून, मग आत जाऊन दार लावा. अंघोळ करताना डोकं दुखलं, गरगरलं, मळमळलं की गरोदर बाई ते दिवस गेल्याचंच लक्षण समजते. दर वेळी अंघोळीतच आणि बाहेर आल्यावर बरं वाटत असेल, तर संशय गीझरवर घ्या आणि डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा.

तुमच्या भीतीची यादी आणि खऱ्या धोक्यांची यादी यांत मला फरक दिसतो. कुठल्याही गोष्टीबद्दल तीन प्रश्न विचारा: ती माझ्या शरीरात कुठून जाते (श्वासातून, तोंडातून की कातडीतून), किती जाते, आणि रोज किती वेळ? टॉवर, वायफाय, मोबाइल, मायक्रोवेव्ह यांच्या लहरींमध्ये पेशींच्या आतली गुणसूत्रं तोडण्याइतकी ऊर्जा नसते. टॉवरसाठी आपल्याकडे २०१२ पासून आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश इतकीच पातळी चालते. ॲप्रन परत करता आला तर करा. मायक्रोवेव्ह पुन्हा सुरू करा, फक्त प्लॅस्टिकच्या डब्यात अन्न गरम करू नका, आणि ऑफिसखालच्या टपरीवरून पिशवीत बांधून आणलेला उकळता चहाही नको. एक्स-रे मात्र वेगळा विषय आहे: तो काढायची वेळ आली तर गरोदर असल्याचं आधी सांगायचं. दाताच्या किंवा छातीच्या एका एक्स-रेतून बाळापर्यंत पोहोचणारा डोस इतका नगण्य असतो की गरज असताना तो टाळण्यातच जास्त नुकसान आहे. ग्रहणाबद्दल घरात कुणी काही म्हटलंच तर एवढंच, की त्या वेळात उपाशी आणि तहानलेली राहू नका.

खरं लक्ष द्यायचं ते नोकरीकडे. रोजचे आठ-नऊ तास, श्वासातून आणि हातांतून. छपाईच्या शाईत टोल्युइन, इथाइल ॲसिटेट, एमईके अशी सॉल्व्हंट असतात, काही क्लीनरमध्ये ग्लायकॉल इथरही. सगळी सारखी नाहीत, आणि वासावरून त्यांची परीक्षा होत नाही. इथाइल ॲसिटेटचा वास थोड्याशा मात्रेतही नाकात बसतो, पण बाळाच्या दृष्टीने जास्त काळजी टोल्युइनची आणि ग्लायकॉल इथरपैकी काहींची आहे. म्हणून पहिलं काम: तुमच्या विभागात येणाऱ्या प्रत्येक शाईची, थिनरची, क्लीनरची सेफ्टी डेटा शीट मागा. कंपनीला ती ठेवावीच लागते, स्टोअर किंवा सेफ्टी ऑफिसरकडे असते. त्यातला दुसरा भाग उघडा आणि एच ३६० किंवा एच ३६१ हे संकेत शोधा. एच ३६० म्हणजे प्रजनन किंवा गर्भाला हानी करू शकतं, एच ३६१ म्हणजे तशी हानी होण्याचा संशय आहे. टोल्युइनवर एच ३६१ असतो. यांपैकी काही दिसलं तर ते काम तुम्ही करायचं नाही. बाळ झाल्यावर अंगावर पाजणार असाल तर एच ३६२ हाही संकेत बघून ठेवा.

नोकरी सोडायची गरज यातून सिद्ध होत नाही. क्वालिटीत तुमच्यासारखीला हलवायला जागा असते: तयार मालाची तपासणी, कागदपत्रं, ग्राहकांच्या तक्रारींचं काम, मशीनपासून लांबच्या खोलीत. डॉक्टरांकडून 'सॉल्व्हंटच्या संपर्कातलं काम नको' असं एका ओळीचं पत्र घ्या, त्याला शीटची प्रत जोडा आणि एचआरला लेखी द्या, पोच घ्या. तोंडी सांगितलेलं सुपरवायझर बदलला की विसरलं जातं. कायद्याने पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते, त्यातले जास्तीत जास्त आठ आठवडे प्रसूतीच्या आधी घेता येतात. आज राजीनामा दिलात तर हे सगळं हातचं जाईल.

बदली होईपर्यंतचे दिवसही महत्त्वाचे. शाईची व्हिस्कॉसिटी मोजणं, डब्यातून डब्यात ओतणं, रोलर किंवा सिलिंडर पुसणं ही कामं दुसऱ्याला द्या, कारण वाफ सर्वात दाट तिथेच असते. हाताला लागलेली शाई थिनरच्या चिंधीने पुसायची सवय छपाईच्या सगळ्या कारखान्यांत आहे. तुम्ही ती आजच सोडा, साबण आणि खाद्यतेल वापरा. सॉल्व्हंट कातडीतून थेट रक्तात जातं. बाजारात मिळणारे साधे रबरी हातमोजे टोल्युइनला फार वेळ अडवत नाहीत, त्यामुळे 'मोजे घातले म्हणजे झालं' असं धरू नका. तसाच एन-९५ मास्क. तो धूळ अडवतो, वाफ अडवत नाही. वाफेला कोळशाचं कार्ट्रिज असलेला मास्क लागतो, आणि तो दिवसभर लावून गरोदर बाईने काम करावं असं मी सुचवणार नाही. डबा विभागात बसून खाऊ नका. घरी आल्यावर कामाचे कपडे वेगळे धुवा.

रंगकामाबद्दल सासूबाईंशी नीट बोलायला हवं, आणि नवऱ्याने बोललेलं उत्तम. रंगाच्या वासापेक्षा मोठा धोका घासकामाचा आहे. घरगुती रंगातल्या शिशाची मर्यादा दहा लाखात नव्वद भाग इतकी खाली आली ती २०१७ च्या नोव्हेंबरपासून. तुमच्या इमारतीच्या दारांवर, खिडक्यांच्या लोखंडी ग्रिलवर त्याआधीचे तीन-चार थर असणार, आणि जुन्या ऑइलपेंटमध्ये, विशेषतः पिवळ्या, लाल, हिरव्या रंगात, शिसं भरपूर असायचं. भिंतीला किंवा दाराला चिकटून बसलेला थर कुणाला काही करत नाही. पेंटरने पॉलिश पेपर घेऊन तो कोरडाच घासला की मात्र पिठासारखी धूळ उडते. ती गादीत, पडद्यांत, धान्याच्या डब्यांच्या झाकणांवर बसते आणि महिनोन्महिने तोंडात जात राहते. शिसं वारेतून बाळापर्यंत जातं आणि मेंदूच्या वाढीत अडथळा आणतं. त्यात भर म्हणजे आईच्या हाडांत वर्षानुवर्षं साठलेलं शिसंही गरोदरपणात, बाळाला कॅल्शियम पुरवताना, रक्तात उतरतं. म्हणून बाहेरून नवं येऊ द्यायचं नाही.

सर्वात सोपा मार्ग म्हणजे या दिवाळीला रंग काढायचा नाही. पाळण्यातल्या बाळाला भिंतीचा रंग कळत नाही, आणि बारशाला आलेली माणसं बाळ बघायला येतात. सासूबाईंचा जीव त्यात अडकलाच असेल तर मधला मार्ग असा: दारं, चौकटी आणि ग्रिल यांना हातही लावायचा नाही. फक्त भिंती, तेही जिथे पापुद्रे सुटलेले नाहीत अशा. वरून धुऊन घेऊन पाण्यात मिसळणारा कमी वासाचा इमल्शन. पुट्टी घासायचीच तर ओली घासायची: पॉलिश पेपर पाण्यात बुडवून, खाली जाड प्लॅस्टिक अंथरून, खोलीच्या दाराला ओला पडदा लावून. झाडू बंद. प्लॅस्टिक आतल्या बाजूने गुंडाळून उचलायचं आणि फरशी दोनदा ओल्या फडक्याने पुसायची, प्रत्येक वेळी नवं पाणी. या सगळ्या काळात तुम्ही घरात नसायचं, आणि शेवटचा हात मारून झाल्यावर खिडक्या उघड्या ठेवून दोन-तीन दिवसांनी परतायचं. त्यासाठी ठाण्यात-मुंबईत कुणा नातेवाइकांकडे आठवडाभर जाता येईल का बघा. नसेल जमत, तर रंग पुढच्या वर्षी. देवघरातला शेंदूरही लक्षात ठेवा: गणपती-मारुतीला लावतात तो पारंपरिक शेंदूर म्हणजे शिशाचंच संयुग. त्याला हात लागला तर साबणाने धुऊन मगच जेवायला बसा.

आता स्वयंपाकघरातल्या कोठ्या बघा. वर्षाचं धान्य भरायची पद्धत तुमच्याकडे असेल तर गव्हा-तांदळात पाऱ्याच्या गोळ्या, म्हणजे किराणा दुकानात मिळणाऱ्या त्या पारद टिकड्या, असण्याची शक्यता आहे. राखाडी, जड, चुरगळणाऱ्या. पाऱ्याची वाफ होते आणि बंद डबा उघडल्यावर ती थेट नाकाशी येते; गोळी फुटली तर तिची भुकटी दाण्यांना चिकटते. गोळ्या तुम्ही काढायच्या नाहीत. घरातल्या दुसऱ्या कुणीतरी खिडकीजवळ, हातात प्लॅस्टिकची पिशवी घालून उचलाव्यात, घट्ट झाकणाच्या बाटलीत बंद कराव्यात आणि घरगुती घातक कचरा म्हणून महापालिकेच्या गाडीवर वेगळ्या द्याव्यात. सिंकमध्ये किंवा ओल्या कचऱ्यात नाही. गोळी विरघळल्यासारखी होऊन दाण्यांत मिसळली असेल तर त्या डब्यातलं धान्य टाकून द्या, जीव तुटला तरी. अख्ख्या गोळ्यांचं धान्य चाळून, धुऊन, वाळवून घ्या. बोरिक पावडर लावलेला तांदूळ असेल तर तोही नको. पुढच्या वेळी महिन्या-दोन महिन्यांपुरतंच धान्य भरा, कडक उन्हं द्या, डाळींना एरंडेल चोळा, कडुलिंबाचा वाळलेला पाला घाला. सल्फासच्या गोळ्या मात्र वेगळ्या आणि जीवघेण्या. हवेतल्या दमटपणानेच त्यांतून विषारी वायू सुटतो. त्या राहत्या घरात, धान्यासाठी असोत की ढेकणांसाठी, आणायच्याच नाहीत, आणि सापडल्या तर त्यांना पाणी लागू न देता सगळ्यांनी आधी घराबाहेर पडायचं.

झुरळांसाठी फवारा मारून घेण्याऐवजी जेल लावून घ्या. डांबराच्या गोळ्या कपाटातून काढा. संडासाचं ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर किंवा कपड्यांचं ब्लीच एकाच बादलीत, एकाच भांड्यात कधीही नको, त्यातून क्लोरीन सुटतो आणि छोट्या बाथरूममध्ये तो मिनिटभरात छातीला लागतो.

डासांबाबत दोन्ही बाजूंनी विचार करावा लागतो. डास चावू देणं हा पर्याय नाही. डेंग्यू आणि मलेरिया गरोदर बाईला जड जातात, आणि झिका बाळाच्या मेंदूवर घाला घालतो. २०२४ मध्ये पुण्यात गरोदर स्त्रियांमध्येही तो आढळला होता. पण बंद खोलीत रात्रभर जळणारी कॉइल हा त्यावरचा वाईट उपाय आहे. काही कॉइल तपासल्या तेव्हा एका कॉइलच्या धुरातले बारीक कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके भरले. अगरबत्ती-धूप लावणं पूजेपुरतं ठेवा आणि तेव्हा खिडकी उघडा. खिडक्यांना जाळी, पलंगाला मच्छरदाणी, दिवसा पूर्ण बाह्यांचे कपडे आणि उघड्या अंगाला डीईईटी किंवा पिकारिडिन असलेलं मलम, हे गरोदरपणात चालतं. डेंग्यूचा डास दिवसा चावतो आणि अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा-दहा दिवस लागतात. त्यामुळे कुंड्यांच्या बशा, फ्रिजमागचा ट्रे, एसीच्या पाण्याची बादली आठवड्यातून एकदा कोरडी करायची, एखादा ठरावीक वार धरून. महापालिकेची धुराची गाडी आली की खिडक्या लावून आत बसा आणि धूर विरल्यावर उघडा.

हवेबद्दल तुम्ही सर्वात जास्त लिहिलं आहे आणि ते बिनबुडाचं नाही. ठाणे-बेलापूर रस्त्याची वाहनं, एमआयडीसी, बांधकामांची धूळ यांमुळे नोव्हेंबर ते फेब्रुवारी इथली हवा खाली बसते. बारीक कण जास्त असले तर बाळाचं वजन कमी भरण्याची आणि कळा वेळेआधी सुरू होण्याची शक्यता वाढते. 'समीर' ॲपवर जवळच्या केंद्राचा हवेच्या गुणवत्तेचा आकडा (एक्यूआय) रोज बघा: शंभरच्या आत असेल तर निर्धास्त फिरा, दोनशेच्या वर गेला तर फिरणं घरातच. हिवाळ्यात पहाटेची हवा सर्वात वाईट असते, कारण थंड थर जमिनीलगत सगळं कोंडून धरतो. म्हणून सकाळचा फेरा नऊ-दहानंतर, आणि मुख्य रस्त्याच्या कडेने नाही, आतल्या उद्यानात. रिक्षाने महाप्याला जाता-येता एन-९५ मास्क, नाकावरची पट्टी दाबून. ओढणीने काही अडत नाही. घर झाडताना आणि गॅसवर फोडणी देताना पंखा किंवा चिमणी चालू, खिडकी उघडी.

प्युरिफायर घ्यायचा का, हे शेजारी विचारतील. परवडत असेल तर झोपायच्या खोलीपुरता घ्या, पण माप काढून. दहा बाय बाराची, साडेनऊ फूट उंचीची खोली म्हणजे सुमारे बत्तीस घनमीटर. तासाला पाच वेळा हवा गाळायची तर यंत्राचा सीएडीआर, म्हणजे ते तासाला किती स्वच्छ हवा देतं तो आकडा, किमान १६० घनमीटर हवा. बारीक कण अडवणारा हेपा फिल्टर असावा, ओझोन सोडणारं यंत्र नसावं, आणि तो चालू असताना खिडकी बंद. वाफांवर आणि वासांवर हेपाचा उपयोग होत नाही.

रात्रीच्या केमिकलच्या वासाचं वेगळं आहे. वारा पडल्यावर तो खाली उतरतो. वास आला की त्या दिशेच्या खिडक्या लावा आणि बाथरूम-किचनचे एक्झॉस्ट पंखे बंद करा, नाहीतर ते फटींतून बाहेरचीच हवा आत ओढतात. वास गेला की सगळं उघडा. तारीख, वेळ, किती वेळ टिकला, वास कसला, डोळे चुरचुरले का, हे सोसायटीतल्या चार घरांनी एका वहीत लिहावं आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाला लेखी द्यावं. नुसत्या 'खूप वास येतो' या तक्रारीपेक्षा वेळांची नोंद असलेल्या तक्रारीवर पाहणी करणं त्यांना शक्य होतं. वासाने खोकला, दम लागणं, डोळे जळणं सुरू झालं तर मात्र घरात थांबू नका, वाऱ्याच्या आडव्या दिशेने निघा आणि १०८ ला फोन करा.

तुमच्या पत्रात ज्याचा उल्लेखच नाही असा एक धोका या सगळ्यांहून मोठा आहे: पाण्यातून होणारी कावीळ, हिपॅटायटिस ई. एरवी तो बरा होणारा आजार, पण शेवटच्या तिमाहीत झाला तर शंभरातल्या वीस-पंचवीस बायका दगावू शकतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. नळाच्या पाण्यात गटाराचं पाणी शिरलं, सोसायटीच्या जमिनीखालच्या टाकीला तडा गेला, टँकर आला, की तो येतो. पाणी खळखळून उकळू लागल्यावर किमान मिनिटभर उकळा, झाका, वेगळ्या ओगराळ्याने काढा. बाहेरचा बर्फ, पाणीपुरीचं पाणी, उसाचा रस नऊ महिने नको. टाकी दर सहा महिन्यांनी साफ झाली का, सेक्रेटरींना विचारा. तुंबलेल्या पाण्यातून चालावं लागलं तर लेप्टोसाठी (लेप्टोस्पायरोसिस, साचलेल्या पाण्यातून होणारा ताप) केमिस्ट देईल ती डॉक्सीसायक्लिन घेऊ नका, गरोदरपणात ती चालत नाही. डॉक्टर दुसरं औषध देतील.

बाल्कनीत एसीवर कबुतरांची विष्ठा साचली असेल तर तीही तुम्ही साफ करायची नाही. दुसऱ्या कुणी मास्क लावून आधी पाणी शिंपडावं, ओली असतानाच खरवडावी, मग जाळी बसवून घ्यावी.

मासळीबद्दल सासूबाई एक सांगतात, इंटरनेट दुसरं सांगतं. मासे बंद करू नका, बाळाच्या मेंदूला त्यातली चरबी हवीच. पारा मोठ्या शिकारी माशांत साठतो, म्हणून मोरी नको, मोठी सुरमई आणि कुपा क्वचितच. बांगडा, तारली, मांदेली, बोंबील, पापलेट, कोळंबी आठवड्यातून दोन-तीनदा, दर वेळी शंभर-सव्वाशे ग्रॅम, पूर्ण शिजवून. खाडीतले शिंपले, तिसऱ्या, कालवं मात्र या काळात टाळा. ती खाडीचं पाणी गाळून जगतात आणि त्या पाण्यात कारखान्यांचं आणि गटारांचं जे असेल ते त्यांच्या अंगात साठतं.

लोह आणि कॅल्शियम कमी असलं की शरीर शिसं जास्त शोषतं. चौदाव्या आठवड्यापासून डॉक्टर दोन्ही गोळ्या सुरू करतील. त्या एकत्र घेऊ नका, मध्ये किमान दोन तास ठेवा, आणि लोहाची गोळी चहासोबत नको.

एनटी सोनोग्राफीला जाताना एक कागद सोबत न्या. कंपनीतल्या सॉल्व्हंटची नावं, रोजचे किती तास, घरात गॅस गीझर कुठे आहे, धान्यात पाऱ्याच्या गोळ्या होत्या का, गेल्या वर्षभरात घरात किंवा शेजारी जुना रंग कोरडा घासला गेला का. यांतल्या शेवटच्याचं उत्तर 'हो' असेल तर रक्तातल्या शिशाची तपासणी मागून घ्या. शंभर मिलिलिटरला पाच मायक्रोग्रॅम किंवा जास्त आलं तर शिसं कुठून येतंय ते शोधून बंद करायचं, कॅल्शियम आणि लोहाचं डॉक्टरांशी ठरवायचं आणि त्यांनी सांगितलेल्या तारखेला तपासणी पुन्हा करायची.